पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा? दहशतवादावरच्या संशोधनाचा कारभार असा चालतो

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांचा जीव गेला आणि त्याच रात्री टीव्हीवर आकडे झळकू लागले. जगात हल्ले वाढले की घटले, कुठला देश कितव्या क्रमांकावर, कुठल्या संघटनेने किती बळी घेतले. असे आकडे पुष्कळदा पोलीस खात्याकडून येतच नाहीत. विद्यापीठात बसलेले संशोधक आणि विद्यार्थी रोजच्या बातम्या चाळून एकेक घटना तक्त्यात भरतात, त्यातून ते तयार होतात. या मंडळींचा पगार कोण देतं, विषय कोण ठरवतं, छापण्याआधी कुणाला दाखवावं लागतं, हे पडद्यावर कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००८ पासून चालू असलेला ‘मिनर्व्हा’ हा सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाचा निधी गुंडाळला. एका सहीने उभं राहिलेलं संशोधन दुसऱ्या सहीने बसत असेल, तर त्यावर भरवसा किती ठेवायचा? त्यासाठी हा कारभार आतून बघावा लागतो. तो वाटतो तितका गूढ नाही. बराचसा कारकुनीच आहे.

## बँक खातं नसलेली संस्था

दहशतवाद हा विषय एकट्या विद्यापीठाला झेपत नाही. तरुण पोरं त्या वाटेला का लागतात हे समाजशास्त्राचं काम, पैसा कसा फिरतो हे अर्थशास्त्राचं, कायदा कुठे ताणला जातो हे विधी विभागाचं आणि ऑनलाइन प्रचार तपासायला संगणकवाले लागतात. म्हणून पाच-दहा विद्यापीठं मिळून भागीदारी करार करतात. यालाच संशोधनाचं नेटवर्क म्हणतात. बहुतेक नेटवर्कना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं. नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. पैसा एका विद्यापीठाच्या नावावर जमा होतो. ते यजमान विद्यापीठ. नेमणुका तेच करतं, हिशेब तेच देतं आणि काही बिनसलं तर नोटीसही त्याच्याच नावाने निघते.

कॅनडातलं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘सम्राट कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबस्फोटात कोसळलं आणि ३२९ जण गेले. बहुतेक कॅनडाचे नागरिक, आणि त्यातले पुष्कळ भारतीय वंशाचे. माजी न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल यायला २०१० साल उजाडलं. पुढच्याच वर्षी कॅनडा सरकारने दहशतवादावरच्या संशोधनासाठी पाच वर्षांचा एक कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि त्याला नाव दिलं ‘कनिष्क प्रकल्प’. त्याच सुमारास दहशतवाद, सुरक्षा आणि समाज या विषयांवरचं ‘टीसॅस’ हे नेटवर्क उभं राहिलं. सुरुवातीचं त्याचं ठाणं व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात होतं. पैसा दोन वाटांनी आला: एक कनिष्क प्रकल्पातून, म्हणजे सुरक्षा खात्याकडून, दुसरी वाट सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या संशोधन परिषदेची, जिचा सुरक्षा खात्याशी संबंध नाही. ही दोन वाटांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कारभार साधारण चार थरांत चालतो. वर संचालक, बहुधा यजमान विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांच्यासोबत भागीदार विद्यापीठांची कार्यकारी समिती. विषय, शिष्यवृत्त्या आणि खर्च यांवर तिथे मतदान होतं. बाजूला सल्लागार मंडळ; त्यात पैसे देणाऱ्या खात्याचे अधिकारी, पोलीस, निवृत्त न्यायाधीश असू शकतात, पण त्यांना मत नसावं. आणि प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची नैतिकता समिती, जी माणसांच्या मुलाखती घ्यायला परवानगी देते किंवा नाकारते.

गोव्यात देवस्थानाचा कारभार जवळून पाहिलेल्याला हे चटकन उमजेल. महाजन समिती निवडतात, मुखत्यार आणि खजिनदार व्यवहार बघतात, मामलेदार प्रशासक म्हणून लक्ष ठेवतो. कुणी सभामंडपाच्या छपरासाठी दहा लाख दिले तर फरशीवर नाव कोरलं जातं, जत्रेला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. पण कौल-प्रसादात देवाने काय सांगावं, हे देणगीदाराने ठरवायचं नसतं. नेटवर्कमध्ये नेमकं इथेच गाडं अडतं: पहिल्या रांगेतला पाहुणा हळूहळू कार्यकारी समितीत येऊन बसतो आणि कुणाच्या ते लवकर लक्षातही येत नाही.

## पाच वर्षांचं काम, तीन वर्षांचा पैसा

पैसा तीन प्रकारचा. मूळ अनुदान: कार्यालय, समन्वयक, माहितीसंच सांभाळणं. प्रकल्प अनुदान: एका ठरावीक प्रश्नासाठी. आणि वस्तुरूप वाटा: भागीदार विद्यापीठ रोकड देत नाही, खोली देतं, प्राध्यापकाचे तास देतं, ग्रंथालय उघडं करतं. कॅनडाच्या त्या संशोधन परिषदेचं भागीदारी अनुदान चार ते सात वर्षांसाठी जास्तीत जास्त २५ लाख डॉलरपर्यंत असतं आणि भागीदारांनी त्याच्या किमान ३५ टक्के वाटा रोख किंवा वस्तुरूपाने घालावा लागतो. कागदावर हे शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात वस्तुरूप वाट्याची किंमत कोण लावणार हा प्रश्न राहतो. आठवड्यातून एकदा उघडणारी खोली वर्षभराच्या भाड्याने मोजली की आकडा भरतो, काम मात्र पुढे सरकत नाही.

खरी गोम मुदतीत आहे. आपल्याकडचा साधा हिशेब बघा. प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाला २०२३ च्या दराने महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. घरभाडं सोडून पीएचडीच्या पाच वर्षांचे होतात बरोबर २४ लाख. प्रकल्प मात्र तीनच वर्षांचा मंजूर झालेला असतो. तेवढ्यात १३ लाख ९२ हजार भागतात. उरलेल्या १० लाख ८ हजारांचं काय? तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, जेव्हा मुलाखती हातात आलेल्या असतात आणि लिहायला बसायचं असतं, तेव्हा तो संशोधक दुसरी नोकरी शोधतो. मुलाखती कपाटात राहतात. संशोधनाची नासाडी अशीच होते आणि त्यात कुणाचंही कारस्थान नसतं.

दुसरी अडचण हप्त्यांची. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने येतं आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला, असं संस्थेने लेखी सांगायचं, तो हा कागद. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत त्याचा नमुना १२-अ आहे. पैसा खात्यात पडून जे व्याज मिळतं, तेही संस्थेला वापरता येत नाही. सरकारी तिजोरीत परत भरावं लागतं. सहा भागीदारांपैकी एकाच्या लेखा विभागाने हिशेब अडवून ठेवला, की यजमान विद्यापीठाला एकत्रित प्रमाणपत्र देता येत नाही आणि सहाही ठिकाणचे पगार थांबतात. जाणता संचालक म्हणून करारातच घालून घेतो की भागीदाराने आर्थिक वर्ष संपल्यावर ठरावीक दिवसांत आपला हिशेब द्यायचा, नाही तर त्याचा पुढचा वाटा रोखला जाईल.

## परदेशी पैसा आणि आपला कायदा

परदेशातून संस्थेला पैसा आला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने त्यात तीन गोष्टी बदलल्या. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवा. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि तिसरी, नेटवर्कच्या मुळावर येणारी: आलेला परदेशी पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे वळवता येत नाही, मग तिच्याकडे नोंदणी असो वा नसो.

यजमानाने पैसा घ्यायचा आणि भागीदारांना वाटायचा, हाच तर नेटवर्कचा पाया. तो या पैशाला लागूच पडत नाही. प्रत्येक भागीदाराने स्वतंत्र नोंदणी करून स्वतंत्र अनुदान आणायचं, एवढीच वाट उरते. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांना सूट आहे, त्यामुळे सरकारी विद्यापीठांची अडचण कमी. खाजगी अभ्याससंस्थांची जास्त. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची नोंदणी २०२३ मध्ये स्थगित झाली आणि २०२४ च्या जानेवारीत रद्द झाली. सुरक्षेच्या विषयात परदेशी पैशावर नजर असावी, यात गैर काही नाही. पण ही कात्री देशी संस्थांच्या आपसातल्या सहकार्यालाही कापते, एवढं मान्य करायला हवं.

## ‘सरकारचा पैसा, म्हणजे सरकारचीच री ओढणार’

हा सगळ्यात जुना आक्षेप, आणि निराधार नाही. १९६४-६५ मध्ये अमेरिकी लष्कराने ‘प्रोजेक्ट कॅमलॉट’ काढला. देशांत उठाव का होतात आणि ते कसे आवरावेत, याचा अभ्यास करायला समाजशास्त्रज्ञांना निमंत्रणं गेली. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नकार दिला, चिलीमध्ये गवगवा झाला आणि जुलै १९६५ मध्ये प्रकल्प बंद पडला. नंतर कितीतरी काळ लॅटिन अमेरिकेत परदेशी संशोधकाकडे हेर म्हणूनच बघितलं गेलं. ज्यांचा लष्कराशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनाही दारं बंद झाली.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे मधला माणूस. पैसा सुरक्षा खात्याचा, पण अर्ज मागवणं आणि निवड करणं संशोधन परिषदेकडे. मिनर्व्हा सुरू झाला तेव्हा अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने हीच मागणी केली होती. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठात २०१५ ला सुरू झालेल्या ‘क्रेस्ट’ केंद्राला गुप्तचर यंत्रणांचा पैसा मिळाला, पण आर्थिक आणि सामाजिक संशोधन परिषदेच्या हातून.

आपल्याकडे पद्धत सरळ आहे. संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणारी दिल्लीची आयडीएसए ही संस्था १९६५ ची. २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे आणि तिच्या अध्यक्षपदी संरक्षणमंत्री असतात. ती उघडपणे सरकारसाठी अभ्यास करणारी संस्था आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. तिचा अहवाल वाचताना ते ध्यानात ठेवायचं, झालं. पंचाईत होते ती विद्यापीठाचं नाव लावून आतून सरकारी काम चालतं तेव्हा.

हे ओळखायचं तर करारातलं प्रकाशनाचं कलम बघा. काही करारांत असतं की मसुदा छापण्याआधी ३० किंवा ६० दिवस खात्याला वाचायला द्यायचा, खात्याने हरकती कळवायच्या, आणि मुदत संपली की संशोधक छापायला मोकळा. काहींत असतं की खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करता येणार नाही. पहिल्या अटीत चालू तपासाला धोका पोचेल असा तपशील वेळेत गाळता येतो, निष्कर्ष शाबूत राहतो. दुसऱ्या अटीखाली केलेलं काम चांगलं असू शकतं, पण ते विद्यापीठाचं संशोधन म्हणून पुढे करू नये.

दबाव बहुतेक वेळा निष्कर्षावर येतच नाही. कुणी फोन करून ‘हे वाक्य बदला’ असं क्वचितच सांगतं. ज्या विषयाला पैसा आहे त्यावर दहा अर्ज येतात, ज्याला नाही त्यावर एकही येत नाही. किनाऱ्यावरच्या टेहळणीवर निधी मिळतो. चुकीने पकडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, यावर कुणी निधी जाहीर करत नाही. म्हणून पैशाच्या दोन वाटा हव्यात आणि दुसऱ्या वाटेवर विषय संशोधकाने सुचवलेला असावा.

## वर्षच हरवलं तर?

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातलं ‘स्टार्ट’ हे केंद्र २००५ मध्ये तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या तीन वर्षांच्या १ कोटी २० लाख डॉलरवर उभं राहिलं. जीटीडी हा जागतिक दहशतवादाचा माहितीसंच त्यांचाच. १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटना त्यात आहेत. पण १९९७ पर्यंतची माहिती मुळात पिंकर्टन या खाजगी सुरक्षा कंपनीने कार्डांवर भरलेली होती, आणि कंपनीच्या स्थलांतरात १९९३ ची कार्डं गहाळ झाली. त्यामुळे मुख्य तक्त्यात १९९३ हे वर्षच नाही. १२ मार्च १९९३ चे मुंबईचे स्फोट, २५७ बळी, त्या तक्त्याच्या आलेखात दिसत नाहीत. आलेख काढणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो खुशाल म्हणेल की त्या वर्षी शांतता होती.

पुढे २०१८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने जीटीडीला पैसा देणं थांबवलं. नवी माहिती खुली व्हायला उशीर होत गेला. टीव्हीवर ज्याचे क्रमांक वाचले जातात तो जागतिक दहशतवाद निर्देशांक आधी जीटीडीवर बेतलेला असे. २०२२ च्या अहवालापासून त्याने दुसऱ्या, खाजगी कंपनीच्या माहितीचा आधार घेतला. मोजणारा बदलला की मोजमापही थोडं बदलतं. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या तुलनेत ‘इतके टक्के वाढ’ ऐकलं, की आधी मोजणी कुणाची ते विचारावं.

## दहशतवाद कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं?

जीटीडीची कसोटी अशी: कृत्य हेतुपुरस्सर, त्यात हिंसा किंवा हिंसेची धमकी, आणि करणारे सरकारबाहेरचे. शिवाय तीनपैकी किमान दोन गोष्टी हव्यात: राजकीय, आर्थिक, धार्मिक किंवा सामाजिक उद्देश, प्रत्यक्ष बळींपलीकडे व्यापक समाजाला धाक किंवा संदेश, आणि युद्धाच्या मान्य नियमांबाहेरचं कृत्य.

आता हीच फूटपट्टी मडगावात लावा. १६ ऑक्टोबर २००९, दिवाळीच्या आदली संध्याकाळ. स्कूटरवरून नेली जाणारी स्फोटकं फुटली आणि नेणारे दोघेच दगावले. तपास एनआयएकडे गेला, सहा जणांवर खटला चालला आणि २०१३ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तक्ता भरणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रश्नच प्रश्न. स्फोट तिथे व्हायचा होता का? उद्देश सिद्ध झाला नाही, मग तो रकाना रिकामा ठेवायचा की बातमीत म्हटलंय तसा भरायचा? २००९ मध्ये भरलेली नोंद २०१३ च्या निकालानंतर कोण दुरुस्त करणार? नोंद भरायला पैसा असतो; जुनी नोंद तपासायला बहुधा नसतो. चांगल्या नेटवर्कमध्ये म्हणून दोन जण एकच घटना वेगवेगळी भरतात, मतभेद तिसऱ्याकडे जातो आणि ‘दहशतवाद असण्याबद्दल शंका’ असा वेगळा रकाना ठेवला जातो.

गोव्याला यातली दुसरी बाजूही ठाऊक आहे. आझाद गोमंतक दलाची माणसं पोर्तुगीज राजवटीच्या लेखी दहशतवादी होती. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान देतो. व्याख्या पैसे देणाऱ्या सरकारच्या यादीवरून उचलली, तर संशोधन त्या सरकारच्या नजरेनेच बघायला लागतं. म्हणून व्याख्येवर मतदान कार्यकारी समितीत व्हावं आणि इतिवृत्त जाहीर असावं.

## मुलाखत दिली, उद्या पोलीस आले तर?

बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांतल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. वचन होतं की ज्याची मुलाखत, तो हयात असेपर्यंत ती खुली होणार नाही. २०११ मध्ये ब्रिटिश तपासासाठी अमेरिकेतल्या न्यायालयामार्फत मागणी आली आणि अखेर काही फिती द्याव्या लागल्या. वचन देणाऱ्यांनी कायदा नीट तपासलेला नव्हता. आपल्याकडेही संशोधकाला असं कुठलं खास कायदेशीर कवच नाही.

समजा गोव्यात किनारी सुरक्षेवर असं काम निघालं आणि मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरच्या परप्रांतीय खलाशांशी बोलायचं ठरलं. कागदपत्रं अपुरी असलेला खलाशी कशाला तोंड उघडेल? त्याला आधीच सांगायला हवं की काय गुप्त राहील आणि काय राखता येणार नाही. नाव मुळात लिहूनच घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर मुलाखतीवर फक्त क्रमांक, आणि क्रमांक-नाव जोडणारी यादी वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाकडे. लिहून झाल्यावर ध्वनिफीत पुसायची तारीख संमतीपत्रातच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण एका अटीवर: त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कुठलाही निर्णय व्हायला नको. पैसे देणारं खातं पोलीस खातंच असेल, तर ही अट पाळली जाते की नाही हे बघायला माहितीसंचाच्या चाव्या यजमान विद्यापीठाकडेच राहायला हव्यात.

संशोधकालाही जपावं लागतं. २००८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला अभ्यासासाठी उतरवून घेतलेल्या, इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या एका दस्तऐवजावरून अटक झाली आणि काही दिवसांनी आरोपाविना सोडून दिलं. असलं साहित्य विद्यापीठाच्या संगणकावरच, नोंदवहीत तारीख टाकून आणि मार्गदर्शकाच्या पत्रासह ठेवणं शहाणपणाचं.

## नागरिकाने कुठे बघायचं

सरकारी विद्यापीठ माहिती अधिकाराखाली येतं. गोवा विद्यापीठ १९८५ पासूनचं, राज्याच्या कायद्याने झालेलं, तेही येतं. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. गुप्तचर यंत्रणा आणि एनआयए यांना कलम २४ ची सूट आहे, पण त्यांचा पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला ती आपोआप मिळत नाही. ‘संशोधनाची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर मोघम नकार येईल. चार कागद नावाने मागा: मंजुरी आदेश, भागीदारी करार, कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी मताधिकारासह, आणि शेवटचं उपयोगिता प्रमाणपत्र. मुलाखती आणि कच्ची माहिती मागू नका. ती नाकारली जाईल आणि नाकारलीच पाहिजे.

उत्तरात ‘सुरक्षेचा विषय’ म्हणून कलम ८ पुढे केलं, तर कलम १० दाखवून अपील करा: गुप्त भाग काळा करून उरलेला कागद द्यावा, असं तिथे स्पष्ट आहे. प्रकाशनाचं कलम आणि समितीतली मतं यांत काळं करण्यासारखं फारसं काही नसतं.